संघटित होणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू



महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठीय विभागांत शिकणारे कितीतरी तरुण-तरुणी अभ्यासक्रम सांभाळून एखाद्या जातिविरोधी अभ्यासमंडळात, स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या गटात, आदिवासी विद्यार्थ्यांच्या संघटनेत किंवा विवेकी विचार रुजवणाऱ्या विवेकवाहिनीसारख्या उपक्रमात काम करत असतात, आणि या सहभागाकडे विद्यापीठाने कोणत्या दृष्टीने पाहावे हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या आवारात नव्याने उभा राहतो. सामाजिक न्यायाची संघटना म्हणजे येथे असा समूह अभिप्रेत आहे, की जो गरजूंना तात्पुरती मदत पोहोचवून थांबत नाही, तर ती गरज ज्या व्यवस्थेतून निर्माण झाली त्या व्यवस्थेविषयी माहिती गोळा करतो, प्रश्न विचारतो आणि निर्णय घेणाऱ्यांकडून उत्तर मागतो. अशा समूहातील सहभाग हा उच्च शिक्षणाचा बाहेरचा उद्योग नसून त्याचाच एक भाग आहे, आणि तो टिकवण्यासाठी विद्यापीठांनी कौतुक करण्यापेक्षा काही अडथळे दूर करण्याची अधिक गरज आहे, हे या पत्राचे मुख्य म्हणणे आहे. विद्यापीठाने या संघटना स्वतः चालवाव्यात किंवा त्यांच्या कामाला श्रेयांक द्यावेत अशी मागणी येथे केलेली नाही; तसे झाल्यास त्या संघटना राहणार नाहीत, विद्यापीठाचे उपक्रम होतील.

ज्या विद्यापीठांचे कारभारी या पत्राचे पहिले वाचक आहेत, त्यांपैकी काहींची नावेच या प्रश्नाचा इतिहास सांगतात. पुण्याच्या विद्यापीठाने २०१४ मध्ये ज्यांचे नाव धारण केले, त्या सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये मुलींना शिकवू लागल्या तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास महार-मांगांच्या दुःस्थितीवर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शिक्षण मिळताच त्या मुलीने ज्या विषयाला हात घातला तो विषय अन्यायाचा होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले, १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या जवळपास सोळा वर्षांच्या लढ्यात ज्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला आणि प्रसंगी प्राण गमावले, त्यांत विद्यार्थ्यांची आणि नुकतेच शिक्षण संपवलेल्या तरुणांची संख्या मोठी होती. त्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर आजही दर १४ जानेवारीला लोक जमतात. ज्या संस्थेचे नाव अशा आंदोलनाने मिळवून दिले, त्या संस्थेच्या आवारात आंदोलन हा शब्द शिस्तभंगाच्या यादीत असणे हे त्या संस्थेच्या स्वतःच्या इतिहासाशी विसंगत आहे.

विद्यापीठांनी सामाजिक कामाला पाठिंबा दिलेला नाही असे म्हणता येणार नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांत तिने मोठे काम केले आहे. या योजनेत सहभागी होणारा विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांच्या विशेष शिबिराला जातो. शहरात वाढलेल्या अनेक मुलामुलींनी गाव प्रथम पाहिले ते या शिबिरात, आणि ही गोष्ट मुळीच लहान नाही. तथापि सेवेच्या या रचनेची एक मर्यादा आहे. शिबिरातल्या विद्यार्थ्याने वृक्षारोपण केले, शोषखड्डे खणले, रक्तदान केले तर त्याची नोंद तासांत होते. परंतु त्याच गावात टँकर दलित वस्तीवर सर्वांत शेवटी पोहोचतो, किंवा गावच्या स्मशानभूमीत काही जातींना प्रवेश नाही, हे त्याच्या लक्षात आले तर त्या निरीक्षणाचे पुढे काय करायचे याची वाट शिबिराने आखून दिलेली नसते. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ या मोहिमेत कार्यकर्ते गावोगाव हिंडले, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते याची त्यांनी विचारपूस केली, आणि ती माहिती गावासमोर व समाजासमोर ठेवली. पाण्याचा प्रश्न तोच होता, कष्टही तेवढेच होते. फरक इतकाच, की तेथे विहीर खणून देण्याआधी विहिरीवर हक्क कोणाचा हे विचारले गेले. विद्यापीठाला पहिल्या प्रकारचे काम चालते आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाची भीती वाटते. विद्यार्थ्यांच्या हे लक्षात येत नाही असे समजण्याचे कारण नाही.

ही भीती कोठून येते याचा विचार करण्याआधी तरुणांच्या संघटना प्रत्यक्षात कशा जन्मतात हे पाहणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी एक गैरसमज प्रशासनात घट्ट रुजलेला दिसतो. विद्यार्थी अभ्यास करत असतो, बाहेरून कोणीतरी येते आणि त्याला भडकवते, अशी ती समजूत आहे. महाराष्ट्राचा अनुभव वेगळा आहे. येथे तरुणांच्या संघटना बहुतेक वेळा वसतिगृहात जन्मल्या. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत होती. त्या काळात एका पंगतीत जेवणे हीच सामाजिक कृती होती. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात खेड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाचे तोंड पाहणारी मुले एकत्र राहू लागली. पुढे दलित साहित्याच्या आणि दलित पँथरच्या घडणीत या वसतिगृहाला केंद्राचे स्थान मिळाले.

पँथरची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगणे योग्य ठरेल, कारण तरुणांच्या संघटनेचे सामर्थ्य आणि तिची नाजूक बाजू या दोन्ही तिच्यात अल्पावधीत दिसल्या. अस्पृश्यतेच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या इलयापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेसमोर आला आणि त्यात देशभरातील अत्याचारांची विदारक नोंद होती. महाराष्ट्रात १९७२ मध्ये इंदापूर तालुक्यातील बावडा गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. दलितांचे प्रस्थापित राजकीय नेतृत्व गटबाजीत अडकलेले असताना नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची घोषणा केली. ढसाळ त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकातील, पँथरचेच एक नेते राजा ढाले यांच्या लेखाने राज्यभर खळबळ उडवली. कोठेही अत्याचाराची बातमी आली की कार्यकर्त्यांनी त्या गावी पोहोचायचे, पीडित कुटुंबाशी बोलायचे, पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवली जाईपर्यंत हलायचे नाही, ही पद्धत या तरुणांनी रुळवली, आणि आज अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रकरणांत स्वयंसेवी संस्था जे सत्यशोधन करतात, म्हणजे घटनास्थळी जाऊन स्वतंत्रपणे वस्तुस्थिती तपासतात, त्या पद्धतीचा एक उगम तेथे आहे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल झाली, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला, आणि त्याच वर्षी विचारप्रणालीच्या वादातून संघटनेत फूट पडली. इतक्या ज्वलंत संघटनेला नियमित सभा, लेखी घटना, हिशेब आणि मतभेद मिटवण्याची ठरलेली रीत यांसाठी वेळच मिळाला नाही. स्त्रियांना तिच्या नेतृत्वात स्थान जवळपास नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु फूट पडली म्हणून ते काम व्यर्थ गेले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी मराठी साहित्याचा १९७२ नंतरचा इतिहास आणि अत्याचारविरोधी कायद्यांची वाटचाल पुन्हा एकदा तपासावी.

वसतिगृह आणि संघटना यांचा संबंध आजही तुटलेला नाही. २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतील खानावळ बंद करून भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले. हे धोरण थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी, या नावाने ओळखले जाते. रक्कम वेळेवर जमा होत नाही, बाहेरच्या खानावळी तेवढ्यात जेवण देत नाहीत आणि जेवणाची व्यवस्था करण्यात अभ्यासाचा वेळ जातो, असे विद्यार्थ्यांचे आक्षेप होते. त्या जुलै महिन्यात भर पावसात आदिवासी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. ज्या मुलांच्या घरी मागणी लिहून देण्याची परंपरा नाही, त्यांनी शासन निर्णय वाचला, त्यातील कोणत्या तरतुदीला आपला विरोध आहे हे ठरवले, निवेदन तयार केले, मार्ग आखला आणि वाटेतल्या मुक्कामांची सोय केली. राज्यशास्त्राच्या आणि लोकप्रशासनाच्या पदवी अभ्यासक्रमात जे प्रात्यक्षिक म्हणून कधी होत नाही, ते येथे झाले. खानावळ हा केवळ पोटाचा प्रश्न नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागेल. दोन वेळा एकत्र जेवणारी मुले एकमेकांच्या गावाची, शिष्यवृत्तीची आणि अपमानाची गोष्ट ऐकतात, आणि एकट्याचे वाटणारे दुःख अनेकांचे आहे हे त्यांना तेथेच कळते.

शिकलेल्या तरुणांनी दुसऱ्यांच्या लढ्यात उतरण्याचाही महाराष्ट्राला मोठा अनुभव आहे, आणि तो सहजासहजी गौरवाने सांगून टाकण्यासारखा नाही. शहादा तालुक्यातील भिल्ल शेतमजुरांच्या जमिनी सावकारीतून आणि फसवणुकीतून मोठ्या शेतमालकांकडे गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती या स्थानिक भिल्ल नेत्याच्या कामाला १९७२ पासून मुंबई-पुण्याकडून गेलेल्या तरुणांची साथ मिळाली आणि तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले कुमार शिराळकर तेथे गेले आणि पुढची अनेक दशके आदिवासींमध्येच राहिले. जमीन परत मिळवणे, दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी, स्त्रियांनी पुढाकार घेतलेली दारूबंदी अशा अनेक आघाड्यांवर काम झाले, आणि आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा ज्या काळात आला त्या काळाला अशा लढ्यांची पार्श्वभूमी होती. याच चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी आणि कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावर बसलेल्यांनी आदिवासींचे दुःख त्यांनाच सांगण्याची विसंगती दाखवून दिली. ती कविता चळवळीच्या विरोधात नाही; आपला आवाज दुसऱ्याने वापरू नये, ही मागणी चळवळीतच शिकलेल्या माणसाने चळवळीकडे केली आहे. आज ज्या विद्यार्थ्यांना वस्तीत किंवा पाड्यावर जाऊन काम करावेसे वाटते, त्यांच्यासाठी ही कविता शिबिराच्या उद्घाटनातील भाषणांपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

संघटनेच्या टिकाऊ रचनेचा प्रश्न इतर राज्यांतही दिसला. शेजारच्या गुजरातेत डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात खानावळीच्या दरवाढीवरून असंतोष सुरू झाला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेल यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. या नवनिर्माण आंदोलनाने सरकार पाडले, परंतु मागे टिकाऊ संघटना फारशी राहिली नाही. बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांनी १ जानेवारी १९७५ रोजी छात्र-युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली तेव्हा मात्र रचनेचा विचार झाला होता. तिचे सदस्यत्व तीस वर्षांच्या आतील तरुणांपुरते होते, म्हणजे वय उलटले की कार्यकर्त्याने जागा रिकामी करायची आणि नव्याने आलेल्याला जबाबदारी द्यायची. या वाहिनीच्या तरुणांनी १९७८ पासून बोधगयेच्या मठाच्या ताब्यातील हजारो एकर जमिनीवर तेथे राबणाऱ्या भूमिहीनांचा हक्क मागितला, १९७९ मध्ये मस्तीपूर येथे आंदोलकांपैकी दोघांचे प्राण गेले, आणि लढ्यातील स्त्रियांनी जमिनीचे पट्टे पतीच्या नव्हे तर स्वतःच्या नावावर मागितले. काही गावांत तसे पट्टे मिळाले. देशातील भूमिसुधारणांच्या इतिहासात स्त्रियांच्या नावे जमीन हा विषय ज्या मोजक्या ठिकाणी खऱ्या अर्थाने पुढे आला, त्यांत बोधगयेचा क्रम बराच वर लागतो, आणि तो पुढे आणणारे कार्यकर्ते विशी-पंचविशीतले होते.

आता विद्यापीठाच्या त्या भीतीकडे वळता येईल, कारण तिची किंमत सर्व विद्यार्थी सारखी मोजत नाहीत. प्रवेशाच्या वेळी अनेक संस्था हमीपत्र लिहून घेतात आणि त्यात कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही अशी अट असते. निवेदन देणाऱ्या विद्यार्थ्याला कारणे दाखवा नोटीस जाते. वसतिगृहातल्या मुलीच्या घरी गृहपाल किंवा रेक्टर फोन करतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारा दाखला टेबलावर पडून राहतो. मनाई आदेश असताना एकत्र जमल्याबद्दल पोलिस अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला तर प्रकरण वर्षानुवर्षे प्रलंबित राहते, आणि पुढे पारपत्रासाठी किंवा सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ते पुन्हा उभे राहते. सामाजिक आणि राजकीय आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्याचे निर्णय राज्य शासनाने वेळोवेळी घेतले आहेत, यावरूनच या गुन्ह्यांचे स्वरूप काय असते हे शासनालाही माहीत असल्याचे दिसते. ज्याच्या घरी वकील आहे, ज्याला नोकरीची निकड नाही, त्याला हा त्रास सोसवतो. ज्याचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर आणि वसतिगृहाच्या खाटेवर उभे आहे, ज्याच्या स्पर्धा परीक्षेकडे सबंध घर डोळे लावून बसले आहे, त्याला एक नोटीस पुरते. परिणामी अन्याय ज्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो, त्यांनाच त्याविरुद्ध बोलणे सर्वांत महाग पडते, आणि मुलींच्या बाबतीत शिक्षणच थांबवले जाण्याची धास्ती त्यात भर घालते. विद्यापीठाच्या एका साध्या परिपत्रकाने यातील बराचसा भार हलका होऊ शकतो, ही गोष्ट कुलगुरूंच्या अधिकारात आहे आणि म्हणूनच ती येथे आग्रहाने मांडली आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषणाचे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; त्यावरील निर्बंध वाजवी असावे लागतात आणि ते कायद्याने घालावे लागतात. महाविद्यालयाने छापलेल्या हमीपत्राने हा हक्क सोडून देण्याची अट एखाद्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर घालणे समर्थनीय ठरत नाही. ज्या वयात राज्यघटना त्याला आमदार निवडण्याचा अधिकार देते, त्या वयात त्याला निवेदनावर सही करण्याची समज नाही असे मानता येत नाही.

यावर प्रशासनाचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो पोकळ नाही. आवारात संघटना वाढल्या की पक्ष येतात, पैसा येतो आणि मारामाऱ्या होतात, असा तो आक्षेप आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराचा अनुभव खरोखरच वाईट होता, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवून वर्गात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला प्रतिनिधी करण्याची पद्धत आणली ती त्यामुळेच. परंतु परीक्षेतील गुण हे प्रतिनिधित्वाचे माप नव्हे. या उपायाने पक्ष आवाराबाहेर गेले नाहीत. विद्यार्थ्यांचा एकमेकांना जबाबदार असण्याचा सराव मात्र गेला. हिंसा आणि पैसा यांना आवर घालण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्वीकारल्या. त्यांत उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, छापील भित्तिपत्रकांना मनाई, वयाची आणि हजेरीची अट, आणि शैक्षणिक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक पूर्ण करण्याची सूचना आहे. या शिफारशींतील काही अटी जाचक आहेत, विशेषतः पदाधिकारी होण्याची एकच संधी देणारी अट अनुभवी नेतृत्व घडू देत नाही. तरीही निवडणूक न घेण्यापेक्षा त्या अटींखाली घेतलेली निवडणूक निश्चितच बरी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेसाठी निवडणुकीची तरतूद केली. विद्यार्थी परिषद म्हणजे महाविद्यालयातील आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळ, आणि या तरतुदीत महिला प्रतिनिधीसाठी तसेच आळीपाळीने मागास प्रवर्गांतील प्रतिनिधीसाठी जागा ठेवलेली आहे. हा कायदा २०१७ मध्ये अमलात आला, २०१९ मध्ये निवडणुकांचा कार्यक्रम ठरला, आणि विधानसभेच्या निवडणुकीचे कारण देऊन तो पुढे ढकलला गेला. त्यानंतर महासाथ आली. या विलंबाचा परिणाम परिषदेपुरता मर्यादित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी सदस्य असावे लागतात आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावे लागतात. जेथे निवडणूकच होत नाही तेथे हे सदस्य प्राचार्यांनी नेमलेले असतात, आणि एखाद्या अध्यापकाविरुद्ध तक्रार घेऊन येणारी विद्यार्थिनी त्या नेमणुकीवर कितपत विश्वास ठेवील याचा विचार प्रत्येक कुलगुरूने स्वतःच्या विद्यापीठापुरता करावा.

संघटनांकडून काय अपेक्षा ठेवावी हेही विद्यापीठाने स्पष्ट सांगावे, कारण अधिकार मागणाऱ्या गटाने स्वतःच्या कारभाराचा हिशेब देणे न्याय्य आहे. गटाने आपले उद्देश लेखी ठेवावेत, वर्गणीचा जमाखर्च सदस्यांसमोर मांडावा, दरवर्षी पदे बदलावीत, हिंसेला आणि धमकीला स्पष्ट नकार द्यावा, आणि स्वतःच्या सदस्याविरुद्ध स्त्रीने तक्रार केली तर चळवळीच्या बदनामीचे कारण पुढे करून ती दाबू नये. या अटी पुरोगामी, हिंदुत्ववादी, डाव्या, आंबेडकरवादी, कोणत्याही विचाराच्या गटाला सारख्याच लागू व्हाव्यात. एखाद्या गटाचे मत कुलगुरूंना पटत नाही किंवा शासनाला रुचत नाही ही मान्यता काढून घेण्याची कारणे होऊ शकत नाहीत. मद्रासच्या आयआयटीत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता मे २०१५ मध्ये एका निनावी तक्रारीनंतर काढून घेण्यात आली आणि देशभर टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात ती परत द्यावी लागली. त्या प्रकरणानंतर त्याच धर्तीची अभ्यासमंडळे इतर अनेक संस्थांत निघाली. निनावी तक्रारीवर कारवाई करू नये, कारवाईआधी गटाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, एवढी किमान प्रक्रिया प्रत्येक विद्यापीठाने व्यवस्थापन परिषदेत, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळात, ठराव करून संलग्न महाविद्यालयांवर बंधनकारक करावी.

येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक तयार होत असताना कुलगुरूंनी त्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचे आठवडे निश्चित करावेत आणि त्यासाठी शासनाकडे लेखी आग्रह धरावा. प्रवेश अर्जासोबत घेतल्या जाणाऱ्या हमीपत्रातून शांततापूर्ण आंदोलनावरील बंदीचे कलम वगळण्याचे परिपत्रक प्रवेश सुरू होण्याआधी निघावे. प्रत्येक महाविद्यालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, तास संपल्यानंतर, नोंदणी केलेल्या कोणत्याही विद्यार्थी गटाला बसण्यासाठी एक वर्गखोली पूर्वपरवानगीची अट न ठेवता खुली असावी, मागासवर्गीय व आदिवासी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतही सभेसाठी अशी जागा असावी, आणि मुलींच्या वसतिगृहाची परतण्याची वेळ ही त्या सभेच्या आड येणार नाही अशी असावी.